पाच चिंचोके, एकशे साठ वेळा

कॉलेजात आम्ही त्याला ‘रीडिंग कुक करणं’ म्हणायचो. प्रयोग करायचा नाही, उत्तर काय यायला हवं ते आधी बघायचं, आणि मग त्या उत्तरापासून मागे मागे येत आकडे लिहायचे. फिजिक्सवाले करायचे, केमिस्ट्रीवाले करायचे, आणि संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तर ते सगळ्यात सोपं, कारण आमच्याकडे ना काचेची नळी ना तराजू. आकडे हेच आमचं सामान. वरच्या वर्गातल्या मुली आपली जुनी जर्नल्स खालच्या वर्गाला वारसा दिल्यासारखी देऊन जायच्या. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार साळसूद होते आणि एकदाच पाय घसरला, असा समज व्हायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. घाटकोपरच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही नाहूरला राहायचो. वडील मूळचे मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लागलेले. माझी प्रॅक्टिकलची पार्टनर घाटकोपरच्याच डोंगरावरच्या वस्तीतून चालत यायची. तिचं घर बौद्ध, आईवडील सोलापूरकडून आलेले, वडील महापालिकेत कामाला. हजेरीत आमचे नंबर लागोपाठचे, म्हणून आमची जोडी लागली. नाहीतर मी काही आपणहून तिच्याशी बोलायला गेले असते असं वाटत नाही. मी तेव्हा स्वतःला बरीच शहाणी समजत होते.

ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं आणि थोडं टोचलंही. प्रोबॅबिलिटीच्या पुस्तकात अर्धी गणितं पत्त्यांची असायची, आणि तिने पत्त्यांचा कॅट कधी हातात धरलेला नव्हता. त्यांच्याकडे पत्ते चालायचेच नाहीत. तिने पुस्तकातून पाठ केलं होतं: बावन्न पानं, चार रंग, प्रत्येकात तेरा, चित्रांची बारा. एकदा मी घरून कॅट आणला आणि लायब्ररीबाहेरच्या बाकावर तिच्यासमोर पसरला. आमच्याकडे गणपतीत रात्रंदिवस मेंढीकोट चालायचा, त्यामुळे पत्ते पिसण्यात माझा हात बसलेला. ती बराच वेळ राजा-राणी बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, हे दोन्ही बाजूंनी सरळच आहेत की!” त्या दिवशी मी तिला पत्ते शिकवले. पुढचे सहा महिने तिने मला बाकी सगळं शिकवलं.

हायपॉथिसिस टेस्टिंग तर माझ्या डोक्यावरून जात होतं. ते तिने मला दोन वाक्यांत समजावलं. “आधी मानायचं की नाणं सरळ आहे, लबाड नाही. मग आलेले आकडे आणि यायला हवे होते ते आकडे, यांतला फरक मोजायचा. फरक टेबलातल्या आकड्याच्या आत असला तर नाणं सुटलं, बाहेर गेला तर अडकलं.” त्या टेबलासकट काय-स्क्वेअर, म्हणजे तो फरक मोजणारा आकडा, मला त्या बाकावर समजला, वर्गात नव्हे.

तिला तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्रच घ्यायचं होतं. जागा मोजक्या होत्या आणि कुणाला घ्यायचं ते सर ठरवायचे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुक केलेलं जर्नल वासावरून ओळखतो असा त्यांचा दावा. मार्कांइतकंच ते जर्नलला महत्त्व द्यायचे. “ज्याचे आकडे खोटे, त्याला माझ्या विषयात जागा नाही,” असं ते वर्षाच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तिने ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या टर्मला सरांनी घरी करायचा प्रयोग दिला. पाच नाणी एकदम उडवायची आणि छापे किती पडले ते लिहायचं. असं तीनशे वीस वेळा. जोडीतल्या प्रत्येकीने एकशे साठ. मग दोघींचे आकडे एकत्र करून काय-स्क्वेअर लावायचा. कुणीतरी विचारलं, सर, सारखी पाच नाणी नसली तर? सर म्हणाले, “चिंचोके घ्या. फोडून दोन फाकी केल्या की एक बाजू पांढरी, एक काळी. दोन बाजू असल्या की झालं.”

आम्हाला ते पटलं. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी पट मांडून चिंचोके खेळायची रीत होती, त्यामुळे हातात नाण्यांपेक्षा चिंचोकेच बरे बसायचे. तिच्या आईने दहा फाकी नीट फोडून, घासून दिल्या. पाच तिने ठेवल्या, पाच मला कागदाच्या पुडीत आणून दिल्या. एकाच झाडाच्या, एकाच हाताने फोडलेल्या.

मी रविवारी दुपारी बसले. चाळीस डाव टाकले, खरे टाकले. रफ वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारत गेले, आणि चाळीसनंतर बेरीज केली तर काहीतरी भलतंच. पाचही काळे चार वेळा आणि पाचही पांढरे एकदासुद्धा नाही. दोन पांढरे आणि तीन पांढरे सारखे पडायला हवेत, तर दोनचीच गर्दी. मला वाटलं, मी फेकतेच चुकीचं. हात उंच धरून दोन-चार टाकून बघितले, तरी तेच. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे टीव्हीवर सिनेमा होता आणि अजून एकशे वीस डाव बाकी होते. कंटाळा आला होता आणि आकडेही हवे तसे पडत नव्हते. मग मी सरळ उत्तराकडून निघाले. बायनॉमियलच्या सूत्राप्रमाणे, एकही पांढरा नाही इथपासून पाचही पांढरे इथपर्यंत, यायला हवेत पाच, पंचवीस, पन्नास, पन्नास, पंचवीस, पाच. मी लिहिलं चार, सव्वीस, एक्कावन्न, एकोणपन्नास, चोवीस, सहा. अगदी तंतोतंत नको, थोडं इकडेतिकडे, म्हणजे खरं वाटतं. दहा मिनिटांत काम झालं आणि मी सिनेमाला गेले. सिनेमा कुठला होता ते आता आठवतही नाही.

तिने एकशे साठच्या एकशे साठ डाव टाकले. ती टाकायची आणि आई समोर बसून पांढरी मोजून सांगायची, ती लिहायची. दोन संध्याकाळी लागल्या. तिचे आकडे होते तेरा, चाळीस, छप्पन्न, अडतीस, बारा, एक. हे मला आजही न अडखळता सांगता येतात. स्वतःच्या लग्नाची तारीख सांगताना मी अडखळते.

दोघींचे आकडे एकत्र करून आम्ही गणित केलं तर उत्तर आलं सतरा. टेबलातला आकडा अकराच्या जरासा वर. म्हणजे चिंचोके अडकले. ती म्हणाली, “आलंय ते आलंय. तसंच लिहू या ना.” मी म्हटलं, “लिही.” मला वाटलं, सर कुठे एवढं बघतात!

सरांनी बघितलं. बुधवारच्या प्रॅक्टिकलला त्यांनी आमचं जर्नल उघडं ठेवून आम्हाला टेबलापाशी बोलावलं. डाव्या पानावर तिचे आकडे, उजव्या पानावर माझे, आणि खाली दोघींच्या सह्या. त्यांनी तिथल्या तिथे दोन्ही पानांचा वेगवेगळा काय-स्क्वेअर काढला. माझा आला अर्धा. तिचा पस्तीस. सर म्हणाले, “एकाच प्रकारचे चिंचोके, एकच प्रयोग, आणि एवढा फरक? यातलं एक पान घरी बसून लिहिलेलं आहे.”

मला वाटलं, संपलं. पण सर तिच्याकडे बघत होते.

आज मी स्वतः आकडे बघून पोट भरते, त्यामुळे सांगू शकते की अर्धा हा आकडा बघून कुणाही जाणत्याची भुवई वर जायला हवी होती. इतकं गुळगुळीत क्वचित येतं. पण सरांनी पस्तीस बघितला आणि त्यांचं ठरलं. आणि नुसता पस्तीसच बघितला असंही नाही. माझं आडनाव त्यांना ओळखीचं वाटायचं, तिचं वेगळ्या अर्थाने ओळखीचं वाटायचं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून मला बरं वाटलं, ही खरी शरमेची गोष्ट.

ती म्हणाली, “सर, मी सगळे डाव टाकलेत. आई मोजायला होती. आई म्हणते, पांढरं कमीच पडतं. म्हणून तर पटात पाच पांढऱ्यांना जास्त घरं देतात.”

“आईंचं बायनॉमियल झालंय वाटतं,” सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

खरं म्हणजे तिच्या आईने एका वाक्यात सगळा प्रयोग सोडवला होता. चिंचोक्याची फाक एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. ती नाण्यासारखी पडेलच कशी? दोन शक्यता आहेत म्हणजे दोन्ही निम्म्या निम्म्या, ही चूक सरांनी केली, वर्गाने केली, आणि पुस्तकात ‘समजा नाणं सरळ आहे’ वाचून वाचून आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. पटावर खेळणाऱ्या बायका ती चूक करत नव्हत्या. माझ्या रफ वहीत चाळीस डाव होते आणि ते हुबेहूब तिच्या बाजूने बोलत होते. वही माझ्या बॅगेत, बॅग माझ्या खांद्याला. हात घालून काढायला किती वेळ लागला असता?

सरांनी ड्रॉवरमधून पाच नाणी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. “इथे टाका. चौसष्ट वेळा. सगळ्यांसमोर.” ती म्हणाली, “सर, पण मी चिंचोके टाकले होते.” सर म्हणाले, “दोन बाजू आहेत ना? टाका.”

तिने टाकली. टेबलावर नाण्यांचा खणखणाट, एक मुलगी फळ्यावर रेघा मारतेय, बाकीचे बाकांवर वाकून बघतायत. नाणी सरळच होती, त्यामुळे आकडे सरळ आले. सरांनी फळ्यावर गणित केलं. उत्तर एकाच्याही आत. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, “खरं टाकलं की असं येतं.” तिने खरोखरच टाकून, सगळ्यांदेखत, स्वतःला खोटं ठरवलं होतं.

सरांनी सांगितलं, आठवड्याभरात चूक लेखी कबूल करा, नाहीतर जर्नल सर्टिफाय होणार नाही. जर्नल नाही तर परीक्षा नाही. आणि तिसऱ्या वर्षाचं आपण नंतर बघू.

जिन्यात तिने मला थांबवलं. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी कदाचित बोलून गेले असते, मला उलट बोलायला सोपं जातं. तिने शांतपणे विचारलं, “तू खरंच एकशे साठ टाकलेस ना गं?”

“मग काय तर!” मी म्हणाले. वर पुन्हा, “हात दुखले यार माझे.”

हात दुखल्याचं सांगायची काय गरज होती? नुसतं ‘हो’ म्हणून भागलं असतं. पण खोटं बोलताना माणूस जरा जास्तच वाढतो, ताटात न मागितलेलं.

ती विचारात पडली. “मग एकाच हाताने फोडलेले चिंचोके, तुझ्याकडे बरोबर आणि माझ्याकडे चूक, असं कसं? मोजण्यातच घोळ झाला असणार. आईला बहुतेक पांढरं नीट दिसत नाही.” घरी गेल्यावर मी रफ वहीचं शेवटचं पान फाडलं आणि बंबात घातलं.

त्यानंतर दोन दिवस ती कॉलेजला आली नाही. मला वाटलं, वर्गाला तोंड दाखवायला नको म्हणून. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा कळलं, ती आईला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेली होती. डोळे तपासायला. पहिल्या दिवशी नंबरच लागला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली तर आईला लिहितावाचता येत नाही, मग त्यांनी बोटं दाखवली, मग लांबून रंगीत कागद. “डोळे एकदम झकास आहेत म्हणाले,” ती सांगत होती, आणि सांगताना हसायचा प्रयत्न करत होती. “आई माझ्यावर चिडली. म्हणाली, मला पांढरं-काळं कळत नाही होय? म्हणजे मग मीच लिहिताना चुकले असणार. दुसरं काय?”

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. आधीच्या सगळ्या क्षणांसाठी मी काहीबाही सबबी सांगू शकते, मी घाबरले होते, एकोणीस वर्षांची होते, सगळेच कुक करायचे. या क्षणासाठी माझ्याकडे सबब नाही. त्या बाईला मी न केलेल्या कामासाठी दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. मी म्हणाले, “होतं गं असं.”

माफीचा अर्ज इंग्रजीत द्यायचा होता. तिचं इंग्रजी पुस्तकापुरतं, माझं जरा बरं. ती म्हणाली, “तू लिहून दे ना.” आम्ही त्याच लायब्ररीबाहेरच्या बाकावर बसलो. तिने मराठीत सांगितलं, “लिही, मी एकशे साठही डाव टाकले होते, पण लिहिताना माझ्याकडून कदाचित चूक झाली असेल.”

मी पेन धरलं आणि मला भीती वाटली. हा अर्ज वाचून सर पुन्हा विचार करतील. एकशे साठ डाव, आई मोजायला, कदाचित. पुन्हा दोन्ही पानं शेजारी ठेवतील. मी म्हणाले, “असं अर्धवट नाही चालत. कदाचित वगैरे लिहिलं तर त्यांना वाटेल तू अजून भांडतेयस. ‘चूक झाली’ एवढंच लिहू. आणि डाव टाकल्याचं काढून टाकू, उगाच वाढवायचं कशाला?”

“म्हणजे मी टाकलेच नाहीत असा अर्थ नाही ना होणार?”

“नाही गं. फॉर्मॅलिटी असते ती.”

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की दिलेली निरीक्षणं बरोबर नव्हती, त्याची पूर्ण जबाबदारी माझी आहे, असं पुन्हा घडणार नाही. प्रत्येक शब्द खरा होता. फक्त खाली सही चुकीच्या मुलीची होती. तिने सही करण्यापूर्वी दोनदा वाचलं, एका शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि तिने सही केली.

सरांनी अर्ज फाइलला लावला आणि जर्नलवर सही केली. आमची दोघींची परीक्षा झाली. तिला त्या पेपरात माझ्यापेक्षा चांगले मार्क मिळाले.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची यादी नोटीस बोर्डावर लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. तिला दुसरा विषय घ्यायला सांगितलं होतं. बोर्डासमोर गर्दी होती आणि ती माझ्या आधी पोचली होती. मला बघून तिने गर्दीतून वाट काढली आणि माझा हात धरला. हात गरम होता, डोळे लाल होते, पण ती माझ्यासाठी मनापासून खूश होती. ते मला दिसत होतं.

“तुझे आकडे तरी बरोबर होते म्हणून बरं,” ती म्हणाली. “नाहीतर माझ्यामुळे दोघींची वाट लागली असती.”